बॉनेटखालचं एव्हरेस्ट

कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली प्रीमियर पद्मिनी बीडला आली की तिचा व्हॅक्यूम पावणेदोन इंचांनी उतरतो, आणि त्यात त्या बिचारीचा काडीचाही दोष नसतो. रिंगा झिजलेल्या नसतात, वॉल्व्ह जळालेला नसतो, पॅकिंग फाटलेलं नसतं. बीड समुद्रसपाटीपासून सुमारे ५१५ मीटर उंच आहे, एवढंच. मुंबईच्या डोक्यावर हवेचा जो थर आहे, त्यातला तळाचा अर्धा किलोमीटर बीडच्या वाट्याला येत नाही. ही उणीव फियाटच्या इंजिनाला एक रबरी नळी लावून डायलवर वाचता येते. पान्या-पकडींच्या पेटीत पडलेलं व्हॅक्यूम गेज एकाच काट्याने दोन ठिकाणची खबर देतं, इंजिनाच्या पोटातली आणि आभाळातली. दोन्ही वेगळ्या करून वाचता आल्या नाहीत की चांगलं इंजिन उगाच उतरवलं जातं.

मोजायचं काय असतं ते आधी पाहू. पेट्रोल इंजिन म्हणजे मुळात हवेचा पंप. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. गाडी उभी आहे, इंजिन मिनिटाला आठशे फेऱ्यांवर फिरतंय, तेव्हा चारही पिस्टन मिळून दर मिनिटाला चारशे लिटरहून जास्त जागा हवेसाठी मोकळी करत असतात. पण ॲक्सिलरेटरवर पाय नसल्यामुळे कार्बोरेटरच्या घशातली बटरफ्लाय, म्हणजे ती गोल चकती, जवळजवळ मिटलेली असते. आत जागा भरपूर आणि यायची वाट केसाएवढी. साहजिकच चकतीच्या पलीकडे हवा विरळ होत जाते. निरोगी इंजिनात तिथला दाब पाऱ्याच्या दहा इंचांच्या आसपास येऊन ठेपतो. आता हा आकडा पाहा: एव्हरेस्टच्या शिखरावरचा दाब १९८१ साली प्रत्यक्ष मोजला गेला, तो भरला २५३ मिलिमीटर पारा, म्हणजे दहा इंचच. बीडच्या सुभाष रोडवर इंजिन चालू ठेवून कडेला उभी केलेली जुनी फियाट पोटात एव्हरेस्टच्या शिखरावरची हवा घेऊन उभी असते. त्या हवेत माणूस ऑक्सिजनच्या नळकांड्याशिवाय जेमतेम तग धरतो. आपली गाडी तिथे निवांत फुरफुरत असते.

गेज मात्र हे दहा इंच दाखवत नाही. ते दाखवतं फरक: बाहेरचा दाब वजा आतला दाब. मुंबईत बाहेर तीस, आत दहा, काटा विसावर. बीडला बाहेरच अठ्ठावीसच्या थोडं वर. इंजिनाला नुसतं चालू राहायला हवा तेवढीच लागते, म्हणून आत तेच दहा. काटा अठरावर. पुस्तकांत निरोगी इंजिनाचं माप म्हणून बहुधा १७ ते २१ इंच दिलेलं असतं, आणि ते समुद्रकाठच्या हवेचं माप असतं. साधा हिशेब असा की हजार फूट चढलं की एक इंच वजा. म्हणजे बीडमध्ये १५ ते १९ मध्ये स्थिर उभा असलेला काटा पाहून घाबरायचं कारण नाही. पाटोदा, अंबाजोगाईकडे बालाघाटाच्या माथ्यावर गेलात तर तो आणखी थोडा खाली दिसेल. ऐन मे-जूनमध्ये हवेचा दाब डिसेंबरपेक्षा कमी असतो, त्याचाही पाव इंच धरून चाला.

यामागची मूळ गोष्ट बीडच्या शेतकऱ्याला न शिकवता पाठ आहे. विहिरीच्या काठावर ठेवलेली मोटर पंचवीस फुटांखालचं पाणी उचलायला कुरकुर करते. पाणी खाली गेलं की मोटरही खाली उतरवावी लागते. म्हणून तर जुन्या विहिरींत आत ओटा बांधलेला असतो आणि दुष्काळात दोरखंड लावून मोटर त्याच्यावर उतरवली जाते. मोटर कितीही मोठी आणा, पाच अश्वशक्तीच्या जागी पन्नास लावा, सक्शनच्या बाजूला ती चौतीस फुटांपलीकडचं पाणी वर आणू शकत नाही. बीडच्या उंचीवर ही हद्द बत्तीस फुटांवर येते. कारण पंप पाणी ओढतच नाही. तो पाइपातली हवा काढून घेतो, आणि मग विहिरीच्या पाण्यावर बसलेली बाहेरची हवा आपल्या वजनाने पाणी पाइपात वर ढकलते. हवेचं वजन संपलं की पाणी थांबतं. आणि सक्शन पाइपाच्या सांध्याला बारीक भेग असली, किंवा तळाचा ‘फुटबॉल’, म्हणजे फूट-वॉल्व्ह, नीट बसत नसला, की मोटर घरघरते आणि पाणी सोडून देते. शेतकरी म्हणतो, ‘मोटर हवा घ्यायलीय.’ गॅरेजातला मिस्त्री बॉनेट उघडून, कान लावून म्हणतो, ‘इंजन हवा घ्यायलंय.’ दोघंही एकाच आजाराबद्दल बोलत असतात. (निजामशाहीच्या काळात ज्यांनी बीडची खजाना विहीर बांधली त्यांनी हा प्रश्नच ठेवला नाही. जमिनीखालच्या पाटातून उताराने पाणी वाहतं, ओढायचं काहीच नाही.)

सतराव्या शतकात फ्लॉरेन्सचे पंपवालेही याच हद्दीशी अडले होते. साधारण दहा मीटरच्या वर पाणी येईना, कारण कुणाला सांगता येईना. गॅलिलिओने १६३८ च्या पुस्तकात त्याची नोंद केली, पण कारण त्यालाही नेमकं गवसलं नाही. त्याचा शिष्य तोरिचेल्ली याने १६४३ च्या सुमारास पाण्याऐवजी साडेतेरा पट जड पारा घेतला, तेव्हा काचेच्या नळीत ७६ सेंटिमीटरचा स्तंभ उभा राहिला आणि वर रिकामी जागा उरली. आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो, हे तेव्हा त्याला उमगलं. आपल्या गेजवरचे पाऱ्याचे इंच तिथून आलेले आहेत.

पण बीडच्या फियाटवाल्याने खरं तर फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कलचं ऋण मानायला हवं. हवेला वजन असेल तर उंचावर ते कमी भरलं पाहिजे, हे त्याच्या डोक्यात आलं. त्याने आपल्या मेहुण्याला, पेरिए याला कामाला लावलं. १९ सप्टेंबर १६४८ रोजी पेरिए पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधल्या प्युइ-द-डोम डोंगरावर चढला. वर पारा तीन इंचांहून थोडा जास्तच उतरलेला होता. मला त्या दिवसातली सर्वांत मोलाची गोष्ट वेगळी वाटते. पेरिएने तशीच दुसरी नळी खाली गावातल्या मठात ठेवली होती आणि दिवसभर तिच्यावर नजर ठेवायला एक धर्मगुरू बसवला होता. ती तसूभरही हलली नाही. म्हणजे उतार हवामानाचा नव्हता, उंचीचाच होता. दोष शोधताना काय वजा करायचं हे आधी ठरवून ठेवण्याची ही शिस्त होती, आणि गॅरेजांत आजही तीच सर्वांत दुर्मीळ असते.

तर आभाळाचे पावणेदोन इंच वजा केले आणि तरीही काटा खाली आहे. आता इंजिनाकडे वळायचं. गाडी आधी चांगली गरम झाली पाहिजे. थंड इंजिनाचा काटा वाचणं म्हणजे वेळ घालवणं. गेजची नळी कार्बोरेटरच्या खालच्या बाजूला, बटरफ्लायच्या पलीकडे जिथे तोटी असेल तिथे जोडायची. बटरफ्लायच्या अलीकडच्या तोटीला जोडली तर आयडलिंगला काटा शून्याजवळ राहील आणि तुम्ही इंजिनाचं श्राद्ध घालाल.

काटा किती खाली आहे यापेक्षा तो कसा उभा आहे हे जास्त बोलकं असतं. स्थिर आहे, पण नेहमीपेक्षा तीन-चार इंच खाली? बहुतेकदा टायमिंग मागे पडलेलं असतं. डेल्कोचा, म्हणजे डिस्ट्रिब्युटरचा, बोल्ट सैल करून तो किंचित फिरवला की काटा वर चढताना दिसतो. जुने मिस्त्री टायमिंग याच पद्धतीने लावत: डेल्को फिरवत काटा सर्वांत वर न्यायचा, मग अर्धा-एक इंच मागे घ्यायचा, म्हणजे चढावर इंजिन ठोकत नाही. टायमिंग लाइट नसताना याहून चांगली युक्ती सापडणं अवघड आहे.

टायमिंग बरोबर असूनही काटा खालीच स्थिर असेल, तर हवा भलत्या वाटेने आत शिरते आहे. कार्बोरेटरखालचं पॅकिंग, फुगून तडकलेली रबरी नळी, आणि जुन्या गाड्यांत हमखास आढळणारी पण कुणी न बघणारी जागा म्हणजे बटरफ्लायची दांडी. ती दांडी कार्बोरेटरच्या अंगातल्या भोकात वर्षानुवर्षं फिरते. उसाच्या ट्रॉल्यांमागे चालवलेल्या गाडीत धुळीची पूड तिथे बसते, भोक लांबट होतं आणि दांडीच्या दोन्ही बाजूंनी हवा आत शिरते. ती बोटांनी वर-खाली हलवून पाहावी. खुळखुळली तर नवीन किट टाकून काही उपयोग नाही, भोकात बुश बसवून घ्यावं लागतं. गळती शोधायला बरेच जण सांध्यांवर पेट्रोल उडवतात. तापलेल्या सायलेन्सरच्या मॅनिफोल्डशेजारी हे करणं शुद्ध वेडेपणा आहे. फवाऱ्याच्या बाटलीतून नुसतं पाणी मारा. भेगेवर पाणी बसलं की क्षणभर ती बुजते आणि इंजिनाचा आवाज बदलतो. नाहीतर हातभर रबरी नळीचं एक टोक कानाला लावा आणि दुसरं सांध्यांवरून फिरवा. गळतीच्या जागी स्पष्ट फुसफुस ऐकू येते. पंख्याच्या पात्यापासून मात्र नळी दूर ठेवा.

आता हलणारे काटे. काटा एरवी स्थिर राहून ठरावीक तालात एक झटका खाली घेत असेल, तर एक वॉल्व्ह मिटत नाही. आठशे फेऱ्यांवर प्रत्येक सिलिंडरची पाळी सेकंदाला साधारण साडेसहा वेळा येते, म्हणून हा झटका भराभर आणि घड्याळी असतो. चुकूनमाकून येणारा झटका वेगळा. तो प्लगचा किंवा अडकणाऱ्या वॉल्व्हचा. कोणता सिलिंडर ते ओळखायला प्लगच्या वायरी एकेक करून काढतात. जी काढल्यावर इंजिनाला फरकच पडत नाही, तो सिलिंडर आधीच मेलेला. अशा वेळी हेड उघडण्यापूर्वी टॅपेट मोजा. टॅपेट ओढून बसवलेलं असेल तर वॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही, आणि जळालेल्या वॉल्व्हचीच सगळी लक्षणं दिसतात. गॅसकिट लावून पळवलेल्या गाड्यांत हे फार आढळतं. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सगळीकडे शिसंविरहित पेट्रोल आलं. ॲम्बेसेडरसारख्या बिडाच्या हेडच्या इंजिनांत वॉल्व्हच्या सीटला शिशाचा जो थर राखत असे तो गेला. मग सीट हळूहळू आत धसते, टॅपेटमधली फट आपोआप मिटते आणि व्हॅक्यूम पडतो. पाव मिलिमीटरचं काम. त्यासाठी अख्खं इंजिन बांधायला काढलेलं ऐकलं की जीव हळहळतो.

आयडलिंगला काटा भरभर थरथरतो आणि रेस दिली की शांत होतो? वॉल्व्हचे गाइड झिजले. उलट रेस दिल्यावर थरथर वाढते? वॉल्व्हच्या स्प्रिंगा थकल्या. काटा पाच-सातपासून अठरापर्यंत झोके घेतो? शेजारच्या दोन सिलिंडरांमधलं हेड पॅकिंग उडालं. काटा तरंगल्यासारखा सावकाश वर-खाली होतो? मिश्रणाचा स्क्रू फिरवून पाहा. रेस धरून ठेवली की काटा हळूहळू खाली खाली जातो? सायलेन्सर आतून बुजला आहे, जळलेली हवा बाहेर पडायला जागा नाही म्हणून नवी आत येईना. ही शेवटची खूण मला नेहमी थक्क करते. मोजतोय आपण गाडीच्या पुढच्या टोकाला आणि तक्रार ऐकू येते मागच्या टोकाची.

रिंगांसाठी एकच झटपट परीक्षा पुरते. ॲक्सिलरेटर खाडकन दाबून सोडायचा. काटा आधी शून्याकडे कोसळतो, सोडताच उसळून नेहमीच्या जागेच्याही चार-पाच इंच वर जातो आणि मग ठिकाणावर येतो. ही उसळी जोरदार असेल तर पिस्टनच्या रिंगा अजून धरून आहेत. काटा वर जायलाच कंटाळला, तर प्लग काढून कॉम्प्रेशन मोजायची वेळ आली.

गेज नसेल तर घाट आहे. बीडहून पाली सोडलं की मांजरसुंब्याचा घाट लागतो. चढताना पाय दाबलेला असतो, बटरफ्लाय उघडी असते, व्हॅक्यूम जवळपास नाहीसा होतो. त्या वेळी मागून निळा धूर सतत निघत असेल तर संशय रिंगांवर. परतीला गाडी गिअरमध्ये ठेवून, पाय सोडून उतरा. चाकं इंजिनाला फिरवत असतात आणि बटरफ्लाय मिटलेली, त्यामुळे व्हॅक्यूम आयडलिंगपेक्षाही वर चढतो. गाइड झिजले असतील तर तो वॉल्व्हच्या दांडीवरून ऑइल आत खेचून आणतो. घाटाच्या पायथ्याला पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला की मागे निळ्या धुराचा एक भपकारा उठतो आणि विरतो. आरशात तेवढं पाहिलं की निम्मं निदान रस्त्यावरच झालं.

जुन्या पेट्रोल जीपवाल्यांना हीच गोष्ट वायपर शिकवत असे. त्या काळी बऱ्याच जीपांचा वायपर व्हॅक्यूमवर चाले. पावसात घाट चढताना, समोरचं नीट दिसायची जेव्हा सर्वाधिक गरज, तेव्हाच तो काचेच्या मध्यावर थबके. चालवणारा क्षणभर पाय सोडी, वायपर दोन झपके मारी, पाय पुन्हा दाबायचा. ब्रेक बूस्टरचंही गणित तेच, फक्त जास्त गंभीर. आठ इंच व्यासाच्या पडद्याच्या एका बाजूला अठरा इंच व्हॅक्यूम असला की दुसऱ्या बाजूने हवा जवळपास दोनशे किलोच्या जोराने ढकलते. व्हॅक्यूम गळाला की ती उणीव तुमच्या मांडीने भरून काढायची. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, दाबून धरा आणि स्टार्टर मारा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. जसंच्या तसं राहिलं, तर बूस्टर किंवा त्याची नळी बघा. काळ्या-पिवळ्या डिझेल जीपांना असलं गेज लावत बसू नका. बहुतेक डिझेल इंजिनांत हवेची वाट अडवणारी चकतीच नसते, म्हणून ब्रेकसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप, पुष्कळदा ऑल्टरनेटरच्या पाठीवरच, बसवलेला असतो.

बीड जिल्ह्यात व्हॅक्यूमची सर्वांत मोठी मोजणी परळीच्या औष्णिक वीज केंद्रात होते. टर्बाइन फिरवून आलेली वाफ कंडेन्सरमध्ये थंड होऊन पाणी बनते, तिची जागा आक्रसते आणि तिथे दाब हवेच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत उतरतो. तो चढायला लागला, म्हणजे व्हॅक्यूम पडायला लागला, की कंट्रोल रूममध्ये धावपळ होते, कारण ठरावीक हद्दीखाली टर्बाइन स्वतःहून बंद पडतं. तिथले इंजिनिअरही आधी दोनच गोष्टी विचारतात: हवा कुठून शिरतेय, आणि थंड करणारं पाणी पुरेसं आहे का. २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी ते केंद्रच बंद ठेवावं लागलं होतं.

अलीकडे एक नवी भानगड या हिशेबात आली आहे. बीडचे ऊसतोड कामगार ज्या कारखान्यांसाठी ऊस तोडतात, त्यांतून निघालेलं इथेनॉल पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळलं जातं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटच्या कार्बोरेटरचं मिश्रण पातळ पडतं आणि काटा तरंगू लागतो. बीडची विरळ हवा नेमकी उलट करते, मिश्रण थोडं दाट करते. दोन्हींची पूर्ण फिटंफाट होत नाही, पण मुंबईच्या फियाटवाल्यापेक्षा बीडच्या फियाटवाल्याला त्रास किंचित कमी, एवढं समाधान मानायला हरकत नाही. जुन्या रबराचे पडदे आणि नळ्या मात्र बदलून घ्याव्यात. इथेनॉलपुढे त्या टिकत नाहीत.

तेव्हा गाडी ठणठणीत असतानाच एकदा गेज लावा. आलेला आकडा, गावाचं नाव आणि महिना बॉनेटच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईने लिहून ठेवा. पुढे कुणी ‘व्हॅक्यूम गेलाय, इंजिन उतरवावं लागेल’ म्हणालं, तर आधी तो आकडा दाखवा, टायमिंग, टॅपेट आणि बटरफ्लायची दांडी या तिन्ही गोष्टी तुमच्यासमोर तपासायला सांगा, आणि मगच पाना लावू द्या.